झोपु योजनेत बिल्डरऐवजी सेवाभावी संस्थेला सोबत घ्यावं का?

भांडुपचा_बाळ्या

नमस्कार मंडळी,

आमची वस्ती भांडुप पश्चिमेला, डोंगराच्या उतारावर. १६० घरं, जागा महापालिकेची. झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेचं घोंगडं कित्येक वर्षं भिजत पडलंय. पहिला बिल्डर आला, त्यानं संमतीपत्रं गोळा केली, गणपतीत मंडळाला मांडव घालून दिला आणि नंतर फोन उचलेनासा झाला. दुसरा आला तेव्हा वस्तीत दोन गट पडले. ते अजून एकमेकांच्या हळदीकुंकवाला जात नाहीत.

आता आईच्या बचत गटाबरोबर काम करणारी एक संस्था म्हणतेय की बिल्डर कशाला हवा? तुमची प्रस्तावित सोसायटीच विकासक होऊ दे. आराखडा, कागदपत्रं, कंत्राटदार नेमणं, त्याच्यावर देखरेख हे सगळं आम्ही बघू. त्याबद्दल ठरलेली फी घेऊ, नफ्यात वाटा मागणार नाही. सेल बिल्डिंगमधून, म्हणजे बाजारात विकायच्या इमारतीतून, जे उरेल ते सोसायटीचं.

ऐकायला गोड वाटतं. बायका एकदम तयार आहेत, पुरुष मंडळी 'यात काहीतरी गोम आहे' म्हणून बसलीत. मी कमिटीत आहे, म्हणजे दोन्हीकडून शिव्या मलाच. असं खरंच कुठे झालंय का? कुणाचा अनुभव?

चहाबाज

गोम नसेल तर ती संस्था नाही आणि गोम असेल तर तो बिल्डर. सोपं आहे.

पेठेतली_पुणेकर

झालंय की. येरवड्यात जाऊन बघा. माझी मावससासू तिथे राहते.

२००५ च्या डिसेंबरात केंद्राची जेएनएनयूआरएम योजना आली, तिच्यातला शहरी गरिबांच्या घरांचा भाग म्हणजे बीएसयूपी. पुणे महापालिकेनं येरवड्यातल्या काही वस्त्यांचं काम स्पार्क ही संस्था आणि महिला मिलन हे वस्तीतल्या बायकांचे बचत गट यांच्याकडे दिलं. तिथे टॉवर नाहीत. जी घरं कच्ची तेवढीच पाडली, पक्की होती ती तशीच ठेवली आणि मधल्या जागेत नवी बांधली. घर २७० चौरस फुटांचं, खर्च साधारण तीन लाख धरलेला, त्यातला दहावा हिस्सा घरमालकाचा आणि बाकी सरकार व पालिकेचा. ते तीस हजार बायकांनी बचतीतून, हप्त्या-हप्त्यानं भरले.

मला सगळ्यात आवडलं ते हे की घर कसं असेल ते आधी कापडाचं, खऱ्या मापाचं उभं करून दाखवलं होतं. मावशी सांगतात, बायका त्यात शिरून 'ओटा इथे नको, दार उघडलं की गॅस दिसतो' असं बोलून गेल्या आणि ओटा हलला. कागदावरच्या नकाशावर त्या हे कधीच बोलल्या नसत्या. नकाशा समजला तर बोलणार ना!

भांडुपचा_बाळ्या

धन्यवाद ताई. पण तिथे सरकारी अनुदान होतं. आमच्याकडे झोपु, म्हणजे अनुदान शून्य, जो काही पैसा तो सेल बिल्डिंगमधून. हा फरक मोठा आहे ना?

आकडेमोड_आजोबा

बाळ्या, तू बरोब्बर नस पकडलीस. मी बँकेत होतो, बांधकाम कर्जाच्या टेबलावर. नीट ऐक.

झोपुमध्ये घरं फुकट दिसतात कारण त्यांचा खर्च बाजूच्या विक्रीच्या इमारतीतून निघतो. पण विक्रीचा पैसा येतो शेवटी, खर्च मात्र पहिल्या दिवसापासून. आता तुझा हिशोब मांडू. १६० घरं रिकामी करायची, म्हणजे १६० जणांना भाडं. महिना बारा हजार धरलं तर महिन्याला १९ लाख २० हजार. झोपु प्राधिकरणाचा नियम आहे की दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करायचं, तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे चेक द्यायचे. दोन वर्षांचे झाले ४ कोटी ६० लाख. अजून एक वीट रचलेली नाही!

वर आराखड्याचे शुल्क, मातीची तपासणी, डोंगरउतार म्हणजे संरक्षक भिंत. हा पैसा बिल्डर आणतो, खिशातून किंवा सावकारी व्याजानं, आणि म्हणूनच नफा मागतो. संस्था नफा मागत नाही, फार छान. मग हे साडेचार कोटी कोण आणणार? संस्थेला हा एकच प्रश्न विचार. उत्तर 'बघू, होईल' असं आलं तर चहा पाजून निरोप दे.

चहाबाज

आजोबा, चहा फुकट नसतो. तोही सेल बिल्डिंगमधून काढायचा का?

नळबाजारचा_नाना

आजोबा म्हणतात ते शंभर टक्के खरं, पण इतिहास थोडा सांगतो, कारण हे पहिल्यांदा होत नाहीये.

१९८४ साली स्पार्क ही संस्था निघाली, भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांबरोबर. १९८५ ला सर्वोच्च न्यायालयाचा ओल्गा टेलिस निकाल आला. फुटपाथवाल्यांना जगण्याचा हक्क मान्य, पण नोटीस देऊन हटवायलाही मुभा. त्या काळात या बायकांनी स्वतःची शिरगणती केली, घरांचे नमुने उभे करून बघितले, मग बचत. जोकिन अर्पुथम यांच्या झोपडपट्टीवासी फेडरेशनशी त्यांची गाठ पडली. पुढे मानखुर्दला मिलन नगर झालं, ते या फुटपाथवरच्याच बायकांचं.

धारावीत राजीव इंदिरा सोसायटी. तिथे घरांची उंची चौदा फूट ठेवून पोटमाळा काढण्याची सोय केली, आणि झोपु नियमांतच, सोसायटी आणि संस्था मिळून. पैशासाठी सिटीबँकेचं कर्ज, त्यामागे परदेशातल्या एका संस्थेची हमी, आणि टीडीआर, म्हणजे दुसरीकडे बांधकाम करायचा हक्क, बाजारात विकून भरपाई. म्हणजे आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना शोधावंच लागलं होतं. त्यासाठी क्लिफ नावाचा निधी २००२ मध्ये उभा करावा लागला.

आणि सगळं गोडच नाही हेही सांगतो. त्याआधीची मार्कंडेय सोसायटी, पंतप्रधान अनुदान प्रकल्पाच्या काळातली, तिचं काम वर्षानुवर्षं लांबलं. मधल्या काळात नियम बदलले, भाव बदलले, लोकांची मुलं लग्नाची झाली.

झणझणीत_सोलापूर

मुंबई-पुण्याच्या बाहेरही महाराष्ट्र आहे, मंडळी!

आमच्या सोलापूरला कुंभारीत विडी कामगार बायकांची दहा हजार घरं झाली, कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत. मागे सहकारी संस्था आणि कामगार संघटना, आडम मास्तरांचं नेतृत्व. घर साठ हजारांत: वीस केंद्राचे, वीस राज्याचे, वीस कामगाराचे. २००६ ला तत्कालीन पंतप्रधान येऊन चाव्या देऊन गेले. मग त्याच कुंभारीत रे नगर, तीस हजार घरांचं. त्यातली पंधरा हजार १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिली.

हे काम संस्थेचं नाही, सभासदांच्या सहकारी फेडरेशनचं. पण मुद्दा तोच. बिल्डर मध्ये नाही, लोक स्वतः. आणि हे जमलं कारण सभासदाला मास्तर ओळखतात आणि मास्तरांना सभासद. मोर्चात एकत्र चालून झालेली ओळख आहे ती. बाळ्या, तुझ्या वस्तीत ती संस्था किती वर्षं येतेय?

भांडुपचा_बाळ्या

बचत गटाचं काम आठ-नऊ वर्षं. घरांचं काम त्यांनी आधी कधी केलं नाही असं परवा कळलं. इतर शहरांत शौचालयं बांधलीत.

ठेकेदाराचा_जावई

हे घ्या! शौचालयं आणि वीस मजले यात फरक आहे हो. शौचालय गळलं तर वास येतो. वीस मजली इमारत गळली तर लोक न्यायालयात जातात.

माझा सरळ विरोध आहे. बिल्डर चोर असला तरी त्याच्याकडे पोकलेन आहे, सिमेंटवाल्याची उधारी आहे, पालिकेत कुठल्या मजल्यावर कोण बसतं हे ठाऊक आहे. संस्थेकडे काय आहे? पॉवरपॉइंट. सासऱ्यांच्या बरोबर अशाच एका 'लोकसहभागा'च्या कामात होतो. रोज सभा. टाइल्स निवडायला दोन महिने. एकीला गुलाबी हवी, दुसरीला हिरवी. शेवटी सगळ्यांना पांढरी बसवली आणि सगळ्या नाराज.

पेठेतली_पुणेकर

जावईबापू, बिल्डर तर विचारतसुद्धा नाही. ज्या बाईला त्या स्वयंपाकघरात उभं राहायचंय तिला टाइल्स विचारल्या तर लगेच 'रोज सभा'? दोन महिने टाइल्सवर गेले याचं दुःख, आणि बिल्डर इतकी वर्षं खाऊन गेला याचं नाही!

ठेकेदाराचा_जावई

ताई, पुणेकरांशी वाद नको. १ ते ४ मध्ये विचार करून सांगतो.

पेठेतली_पुणेकर

४ नंतर या, तेव्हा उघडतं. 😄

सोसायटी_सेक्रेटरी_त्रस्त

मी झोपुच्याच इमारतीत राहतो, वडाळ्याकडे. ताबा मिळून बरीच वर्षं झाली. बांधलं कुणी याच्यावरून भांडणारे सगळे ताब्याच्या दिवशी फोटो काढून गेले, त्यानंतर लिफ्ट बंद पडली की मी एकटा.

कॉर्पस, म्हणजे इमारतीच्या देखभालीची ठेव, म्हणून विकासकानं प्रत्येक घरामागे पैसे जमा करायचे असतात; मला ठाऊक असलेला जुना दर ४० हजारांचा. त्या दरानं तुमच्या १६० घरांचे ६४ लाख. सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला साडेचार लाखांच्या आत, महिन्याला सदतीस हजार. यात दोन लिफ्टचा करार, पंपाची वीज, सफाई, सुरक्षारक्षक. एकटा रक्षकच वीस हजारांच्या घरात जातो. उरलेलं मेंटेनन्स लोकांकडून. आणि जो काल झोपडीत शून्य देत होता तो आज महिना पंधराशे मागितले की 'बिल्डरनं फुकट सांगितलं होतं' म्हणतो. आमच्याकडे निम्म्या लोकांची थकबाकी आहे. पाण्याचा पंप जळाला तेव्हा सहाव्या मजल्यावरच्या आजी हंडे घेऊन खाली यायच्या.

संस्थेला हे विचारा की ताब्यानंतर किती वर्षं थांबणार. जमीन मिळवणं, बांधणं या सगळ्याचे धडे सगळे देतात. सोसायटी चालवायला कुणी शिकवत नाही. बचत गट आधीपासून असतील तर तो खरंच मोठा फायदा आहे, कारण दर महिन्याला पैसे काढून देण्याची सवय बायकांना लागलेली असते. आमच्या इमारतीत जी विंग वेळेवर मेंटेनन्स भरते ती बायकांच्या गटाचीच. हे मी पुरुष असून लिहितोय याची नोंद घ्यावी.

नळबाजारचा_नाना

सेक्रेटरी, अगदी. आणि उंचीचाही विचार करा. गोवंडी-मानखुर्दकडे पुनर्वसनाच्या वसाहती बघा. लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड. काही इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचं अंतर. खालच्या मजल्यावर दुपारी दिवा लावावा लागतो. तिथल्या घरांत ऊन आणि वारा नाही त्याचा क्षयरोगाशी संबंध आहे, असं डॉक्टरांच्या पाहणीत पुढे आलं. सेल बिल्डिंग समोर, मोकळ्या हवेत, आणि तुमची मागे, असं बिल्डर करतो कारण सेलच्या खिडकीला किंमत आहे. विकासक तुम्हीच असाल तर तुमची इमारत कुठे उभी करायची हे तुमच्या हातात राहतं. मला विचाराल तर संस्थेचा खरा फायदा इथेच आहे.

जर्सीची_जाई

इथे न्यू जर्सीत मी कमी उत्पन्नाच्या घरांचे प्रकल्प करणाऱ्या एका कंपनीत हिशेब बघते. परिस्थिती वेगळी आहे तरी एक गोष्ट उपयोगी पडेल.

इथे १९८६ पासून करसवलतीतून अशी घरं बांधली जातात. प्रत्येक राज्याला त्या सवलतीतला किमान दहा टक्के वाटा ना-नफा संस्थांच्या प्रकल्पांसाठी राखून ठेवावा लागतो. लगेच काय झालं असेल, ओळखा. बिल्डरांनी संस्था शोधल्या, नाव लावायला. म्हणून कायद्यात लिहावं लागलं की संस्थेची प्रकल्पात मालकी हवी आणि विकासापासून चालवण्यापर्यंत तिनं सातत्यानं, प्रत्यक्ष काम करायला हवं. दुसरं, पंधरा वर्षांनी गुंतवणूकदार बाहेर पडतो तेव्हा इमारत घेण्याचा पहिला हक्क संस्थेला देता येतो. तो हक्क करारात कसा लिहिलाय यावरून खूप खटले चालू आहेत. वीस वर्षांपूर्वी हसत-खेळत सही केलेल्या दोन ओळींवरून!

म्हणून: तुमच्या करारात शेवट आधी लिहून घ्या. सेल बिल्डिंग विकून जे उरेल ते सोसायटीचं म्हणता, पण 'उरेल' म्हणजे कशा-कशातून वजा करून?

आकडेमोड_आजोबा

जाई, शंभरातली एक बोललीस. 'उरेल' या शब्दावर मी माझं अर्धं आयुष्य घालवलंय.

वकील_काकू

आता माझी पाळी. कायद्याचं थोडं, पटकन.

पहिलं म्हणजे संस्था नेमकी काय आहे ते बघा. १९५० च्या कायद्याखालचा सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असते, लेखापरीक्षण जमा होतं, ते मागून बघा. बांधकामाचं काम करणाऱ्या संस्था बहुतेक वेळा त्यासाठी वेगळी ना-नफा कंपनी काढतात. तुमचा करार कुणाशी होतोय, न्यासाशी की त्या कंपनीशी, हे स्पष्ट हवं. जमीन न्यासाच्या नावावर कधीही जाऊ देऊ नका. एकदा न्यासाची स्थावर मालमत्ता झाली की विकायला, किंवा तीन वर्षांहून जास्त भाड्यानं द्यायलासुद्धा धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. चांगल्या हेतूनं अडकलेली जमीन सोडवणं फार कठीण असतं.

दुसरं, सोसायटीच विकासक झाली आणि तुम्ही सेलच्या सदनिका विकल्या की महारेराच्या, म्हणजे घरखरेदीवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाच्या, दृष्टीनं प्रवर्तक तुम्हीच. बाहेरचा माणूस फ्लॅट घेईल आणि ताबा उशिरा मिळाला तर तक्रार कमिटीच्या नावावर. बाळ्या, म्हणजे तुझ्या नावावर. हे वस्तीत कुणी सांगितलंय का?

तिसरं, काम रखडलं तर झोपडपट्टी कायद्याच्या कलम १३(२) खाली प्राधिकरण विकासकाला काढू शकतं. पण विकासक तुम्हीच असलात तर कुणाला काढणार?

भांडुपचा_बाळ्या

काकू, तुमचं वाचून पाणी प्यायलो. नाही, कुणी सांगितलेलं नाही.

चहाबाज

पाणी की चहा?

ठेकेदाराचा_जावई

मी म्हणत होतो ना! पण एक मधला मार्ग सुचवू का? सेल बिल्डिंगसाठी बिल्डर घ्या, रिहॅबसाठी, म्हणजे वस्तीच्या घरांच्या इमारतीसाठी, संस्था. म्हणजे विकासाचा हक्क सोसायटीकडे, सेलचा भाग निविदा काढून एखाद्या बिल्डरला ठरावीक रकमेला द्यायचा, त्यानं पैसे टप्प्याटप्प्यानं एस्क्रो खात्यात (ठरलेल्या कामासाठीच पैसे सुटतात असं खातं) भरायचे, आणि भाड्याचे साडेचार कोटी त्याच्या पहिल्या हप्त्यातून. महारेराचं ओझं सेलवाल्याकडे. संस्था रिहॅबचं काम बघेल, बायका हव्या तितक्या टाइल्स निवडतील. सासरे म्हणतात, असं करणारे असतात पण निविदा नीट काढावी लागते, नाहीतर नगरसेवकाचा भाचाच जिंकतो.

पेठेतली_पुणेकर

जावईबापू, ४ नंतर विचार केल्याचा फायदा झाला बरं का.

आकडेमोड_आजोबा

ही सूचना वाईट नाही. फक्त सेलवाला मध्येच पळाला तर त्याची बँक गॅरंटी असली पाहिजे. आणि ती राष्ट्रीयीकृत बँकेची. पतपेढीची चिठ्ठी घेऊन येतील.

अपात्र_क्रमांक_४७

सगळे पात्र लोकांचं बोलताय. माझ्यासारख्यांचं काय? माझी झोपडी २००० नंतरची. २०११ पर्यंतच्यांना अडीच लाख भरून घर मिळतं, त्यानंतरच्यांना काहीच नाही. आमच्या वस्तीत परिशिष्ट-२, म्हणजे पात्र-अपात्रांची यादी, लागलं तेव्हा यादीसमोर गर्दी झाली, दहावीच्या निकालासारखी. माझ्या नावापुढे 'अपात्र', कारण वीजबिल भावाच्या नावावर. बिल्डरच्या माणसानं सरळ सांगितलं, 'तुमचं आमच्या डोक्यावर नको.' संस्था असती तर कागद गोळा करून अपील करायला कुणी मदत तरी केली असती. बिल्डरला अपात्र जितके जास्त तितकी घरं कमी. संस्थेला निदान तसा फायदा नसतो.

नळबाजारचा_नाना

४७, भाऊ, अपील केलं का? रेशनकार्ड, शाळेचे दाखले, मतदार यादीतलं नाव, जे जे असेल ते जोडून करा. व्यनि (खासगी निरोप) करा, एका ओळखीच्या कार्यकर्तीचा पत्ता देतो.

बाळ्या, हा मुद्दा सगळ्यात मोठा समज. तुझ्या १६० मधले किती पात्र हे कळल्याशिवाय वरचे सगळे आकडे हवेतले. वस्तीचं सर्वेक्षण संस्थेला आधी करायला सांग, प्राधिकरणाची यादी लागायच्या आत. घरोघरी, कागदांच्या झेरॉक्ससह. हे काम त्या बायकांना बिल्डरच्या पोरांपेक्षा चांगलं जमेल, कारण त्यांना घरात घेतात.

भांडुपचा_बाळ्या

सर्वांचे आभार. काल रात्री संस्थेच्या दोघीजणी आणि कमिटी बसली. आजोबांचा प्रश्न पहिलाच विचारला. प्रामाणिकपणे म्हणाल्या, 'एवढे पैसे आमच्याकडे नाहीत, आम्ही बँकेशी बोलू शकतो पण हमी देऊ शकत नाही.' मला उलट बरं वाटलं, निदान थाप मारली नाही. शौचालयाच्या पलीकडे बांधकामाचा अनुभव नाही हेही कबूल केलं.

मग असं ठरलं की त्या विकासाच्या भागीदार नाहीत, सोसायटीच्या सल्लागार. सर्वेक्षण, कागद, घराचा कापडी नमुना आणि ताब्यानंतर तीन वर्षं सोसायटी चालवायला मदत, याची फी वेगळी लिहून. जावईबापूंची निविदेची कल्पना सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. काकू, करार तुम्ही एकदा डोळ्याखालून घालाल का?

आईला सांगितलं तर ती म्हणाली, 'म्हणजे फुकटात बिल्डर नाही, फुकटात संस्था नाही, मग ओटा कुठे ठेवायचा ते तरी आम्ही ठरवणार ना?' हो म्हणालो.

वकील_काकू

घालते, पण फी घेईन. सेल बिल्डिंगमधून नको, रोख.

झणझणीत_सोलापूर

बाळ्या, सर्वसाधारण सभा कधी आहे? आणि ते दोन गट एकत्र बसणार आहेत की वेगवेगळ्या मांडवात?

भांडुपचा_बाळ्या

रविवारी, मारुतीच्या देवळात. मांडव एकच आहे, खुर्च्या दोन रांगांत.